संगणकाच्या दारावरील नामावळी

संगणक सुरू केला म्हणजे कामाला लागण्यापूर्वी एक पडदा समोर येतो. त्यावर बहुधा कोणाची ना कोणाची नावे असतात. घरच्या यंत्रावर आई, बाबा आणि मुले अशी चार नावे, प्रत्येकाशेजारी एकेक चित्र. कचेरीतल्या यंत्रावर एकच नाव, काल संध्याकाळी जो उठून गेला त्याचे. आणि जेथे जोखमीचे काम चालते तेथे पाहावे तर नाव एकही नाही, नुसत्या दोन रिकाम्या चौकटी. एक नावाची, दुसरी परवलीच्या शब्दाची. हा फरक आपोआप पडलेला नाही. तो कोणी तरी ठरविलेला आहे, आणि तो कसकसा ठरत गेला ह्याला साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. ज्यांची नावे त्या पडद्यावर दिसत नाहीत ते त्या यंत्रात नाहीतच असे समजावे काय, हा त्या इतिहासातला खरा प्रश्न.

विषय दिसावयास बारीक आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु दारावर कोणाचे नाव लावावयाचे ही गोष्ट आपल्याकडेही कोणी कधी बारीक मानलेली नाही. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे बारा असत आणि पाटी एकट्या मालकाची असे. टपालवाल्याला मात्र बाराही नावे पाठ असत. त्यावाचून त्याचे चालतच नसे. पाटी वाचणाऱ्याला वाडा एक दिसे, आतल्याला दुसरा दिसे. संगणकाचेही नेमके तसेच आहे. त्याच्या पोटात प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाने एक खाते उघडलेले असते. त्या खात्याबरोबर त्याचे कागद, त्याच्या आवडीनिवडी आणि मुख्य म्हणजे त्याचे अधिकार जोडलेले असतात. ही झाली आतली वही. दारावरची पाटी म्हणजे त्या वहीतून निवडून काढलेला उतारा. निवड कोण करतो, एवढेच पाहावयाचे.

अगदी पहिल्या यंत्रांना दाराची गरजच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेले टिफ्रॅक घ्या, किंवा त्या सुमाराची पाश्चात्त्य यंत्रे घ्या. एका वेळी एकाचे काम चाले, ते संपले की दुसऱ्याचे. काम घेऊन येणारा मनुष्य यंत्राजवळच्या मनुष्याला ठाऊक असे. ओळख पटविण्याचे काम माणसाकडे होते, यंत्राकडे नव्हते. पुढे एकाच महागड्या यंत्राला अनेक टंकलेखनाची उपकरणे जोडून अनेकांनी एकाच वेळी ते वापरावे अशी कल्पना निघाली, आणि तेथे दार आले. यंत्रापाशी बसलेला मनुष्य यंत्राला दिसत नाही. तेव्हा आपण कोण हे त्यानेच सांगितले पाहिजे.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी अशा सामाईक व्यवस्थेचे प्रात्यक्षिक दाखविले. तिचे संक्षिप्त नाव सीटीएसएस. हिच्यात शिरताना 'लॉगिन' असा हुकूम टंकावा लागे, त्यापुढे आपल्या कामाचा क्रमांक आणि नाव. मग यंत्र परवलीचा शब्द विचारी, आणि तो टंकताना कागदावर अक्षरे उमटू देत नसे. गडाचा दरवाजा मावळल्यावर लागे, त्यानंतर आलेल्यास पहारेकरी परवल विचारी. तीच ही पद्धत. पहारेकऱ्याने आत कोणकोण आहेत ह्याची यादी बाहेरच्यास वाचून दाखविल्याचे आपण कधी ऐकले नाही, आणि सीटीएसएसच्या दारावरही नावे नव्हती. पण त्यात दूरदृष्टी होती असे मात्र समजू नये. पडदाच नव्हता. उपकरण कागदावर सेकंदाला दहापंधरा अक्षरे उमटवी. शेकडो नावांची यादी छापीत बसली असती तर काम करणाऱ्याची निम्मी सकाळ तीतच गेली असती. गुप्ततेचा पहिला रक्षक असा केवळ यंत्राचा संथपणा होता.

ह्या दाराची परीक्षा लवकरच झाली. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला त्याच्या प्रबंधाच्या कामासाठी यंत्राचा वेळ अपुरा पडू लागला. छिद्रांच्या पत्रिकेवर फाइलीचे नाव दिले म्हणजे ती फाइल छापून मिळे, अशी तेथे सोय होती. त्याने परवलीच्या शब्दांचीच फाइल मागितली; शुक्रवारी रात्री मागणी टाकली, शनिवारी पहाटे छापील प्रत उचलली. दोष एकट्यावर येऊ नये म्हणून त्याने ती यादी इतरांनाही वाटली. हे सारे त्याने स्वतःच पुष्कळ वर्षांनी, प्रकरण थंड झाल्यावर, सांगितले.

दुसरी हकीकत ह्याहून मासलेवाईक आहे आणि ती थेट आमच्या विषयावर येते. सुमारे १९६६ ची गोष्ट. यंत्रात शिरणाऱ्या प्रत्येकास 'आजची सूचना' म्हणून चार ओळी छापून दाखविल्या जात. एके दिवशी दोन व्यवस्थापक एकाच वेळी बसून काम करीत होते. एक त्या सूचनेची फाइल दुरुस्त करीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची. दुरुस्तीचा कार्यक्रम अर्धवट काम ठेवण्यासाठी जी तात्पुरती फाइल करी तिचे नाव नेहमी एकच असे. झाले काय, की दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली, आणि शिरणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेच्या जागी सर्वांची नावे व त्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले. पहारेकऱ्याने स्वागताला उभे राहून साऱ्या गडाची परवल मोठ्याने वाचावी, त्यातला हा प्रकार! कोर्बातो यांनी १९९० च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही गोष्ट संकोच न करता सांगितली आहे. दारावर काय दिसावे आणि आत काय राहावे ह्या दोन गोष्टी एकाच पेटीत ठेवल्या म्हणजे केव्हा ना केव्हा त्यांची सरमिसळ होते, हा धडा तेथे मिळाला. तो सर्वांनी घेतला असे पुढील हकीकतीवरून दिसत नाही.

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही व्यवस्था उभारावयास घेतली. आजचे बहुतेक भ्रमणध्वनी, ॲपलची यंत्रे आणि लिनक्स ही सारी तिची लेकरे किंवा नातवंडे आहेत, म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. युनिक्सच्या दारावर एकच शब्द असे: लॉगिन, आणि त्यापुढे दोन टिंबे. नाव नाही, चित्र नाही, 'या बसा' नाही. परंतु आत मात्र सर्व खात्यांची एक वही उघडी पडलेली असे, आणि एकदा आत आलेला कोणीही ती वाचू शके. तिच्यात प्रत्येक नावापुढे एक अनुक्रमांक. शून्य क्रमांक सर्वाधिकाऱ्याचा. त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ.

ह्या वहीतल्या सगळ्या नावांमागे माणसे नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. छपाई पाहणारे, टपाल पोचविणारे, वेळापत्रक सांभाळणारे असे जे कार्यक्रम पडद्याआड सतत चालत त्यांनाही खाती दिलेली असत. कारण सरळ आहे. टपालाच्या कार्यक्रमात खोट निघाली आणि तो सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालत असला, तर सारे यंत्रच हातचे जाते. तो वेगळ्या, दुबळ्या नावाने चालला तर नुकसान तेवढ्यापुरते राहते. संस्थानी दफ्तरात कुलदेवतेच्या नावाने खाते असावे, खर्च पडावा, पण त्या नावाचा मनुष्य सहीला कधी येऊ नये, त्यासारखी ही खाती. आजही लिनक्सच्या साध्या यंत्रात एक मनुष्य राहत असला तरी वहीत अशी तीसचाळीस नावे सहज भरतात. ही बिनमाणसांची नावे दारावर लावावयाची नाहीत हे उघड होते. पण ती ओळखावयाची कशी? त्यासाठी अनुक्रमांकाचा आधार घेण्यात आला. अमुक आकड्याखालची ती यंत्राची, त्यावरची ती माणसांची. हा आकडा कोठे ५००, कोठे १०००. रेड हॅट कंपनीच्या लिनक्समध्ये तो ५०० होता, २०१४ च्या सातव्या आवृत्तीत १००० झाला. ॲपलच्या यंत्रावर पहिल्या मनुष्याचा क्रमांक ५०१ असतो. पुढे पडद्यावर नावांची यादी दाखविण्याची वेळ आली तेव्हा यादी तयार करणाऱ्या कार्यक्रमाने हाच आकडा हाती धरला. मनुष्य आणि अमनुष्य ह्यांतली सीमारेषा एका पूर्णांकावर टांगलेली आहे, हे वाचून तत्त्वज्ञांना काय वाटेल ते वाटो. व्यवहारात ती पुष्कळशी टिकली.

युनिक्सच्या मुक्या दारामागे कालांतराने हेतूही आला. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली परवलीच्या शब्दांवर एक निबंध लिहिला. त्यात एक बारकावा नोंदलेला आहे, तो आम्हांस ह्या सबंध इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. दारावर कोणी खोटे नाव सांगितले तरी यंत्र लगेच 'असा कोणी येथे नाही' म्हणत नसे. तेही परवल विचारी आणि मगच नकार देई, म्हणजे नाव चुकले की शब्द चुकला हे बाहेरच्यास कळू नये. एवढे करूनही एक फट राहिली होती. नाव खरे असेल तर सांगितलेला शब्द गुप्तलिपीत घालून ताडून पाहावा लागे, आणि त्याला सुमारे अर्धा सेकंद लागे. नाव खोटे असेल तर ताडावयास काही नसेच, म्हणून नकार तत्काळ येई. घड्याळ धरून बसणाऱ्या चोराला एवढे पुरे. नकार रेंगाळला की समजावे, ह्या नावाचा मनुष्य आत आहे! उपाय असा केला, की नाव खोटे असले तरी यंत्राने ते गुप्तलिपीचे गणित निष्कारण करावे आणि मगच नाही म्हणावे. नाव लपविणे म्हणजे पाटी काढून टाकणे नव्हे. नकाराचा सूरसुद्धा सारखा ठेवावा लागतो, हे ह्या दोघांनी प्रथम नीट ओळखले.

त्याच काळात दुसरीकडे वारे उलट वाहत होते. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'फिंगर' नावाचा कार्यक्रम लिहिला. सहकारी कोठे आहे हे पाहण्यासाठी लोक आत असलेल्यांच्या यादीवरून बोट फिरवीत बसत, म्हणून हे नाव. फिंगरला विचारले की अमका मनुष्य आत आहे काय, शेवटी केव्हा आला होता, त्याचे पूर्ण नाव काय, सारे सांगे; आणि तेही दूरच्या यंत्रावर बसून विचारता येई. त्या मंडळींच्या लेखी संगणक हा एक गाव होता, आणि गावात कोण आहे हे गावाला कळू नये ह्यात त्यांना काही शहाणपण दिसेना. त्यांना हसण्याचे कारण नाही. एकमेकांस ओळखणाऱ्या शेदोनशे माणसांत तोच शहाणपणा होता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी तो गाव संपला. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने सोडलेला किडा, म्हणजे आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणारा कार्यक्रम, अमेरिकेतील हजारो यंत्रांत पसरला. शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट फिंगरला उत्तर देणाऱ्या कार्यक्रमातील दोषाची होती. दुसरी अधिक साधी. तो उघडी वही वाची, प्रत्येक खात्याचे नाव घेई, आणि परवल म्हणून आधी तेच नाव, मग तेच दोनदा, मग उलट्या अक्षरांनी, मग मालकाचे आडनाव, असे एकेक करून पाही. पुष्कळ ठिकाणी दार उघडे. नाव ठाऊक असणे म्हणजे अर्धी किल्ली हाती असणे, ही गोष्ट तोपर्यंत निबंधात होती ती वर्तमानपत्रात आली. किडा सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९७९ चा निबंध लिहिणाऱ्या मॉरिस यांचा हा मुलगा. इतिहासाला कधीकधी असा विनोद सुचतो.

आता आपण घरात येऊ. वैयक्तिक संगणक पहिल्यांदा आला तो एकट्याचा म्हणून आला. त्याला दार नव्हते, नामावळी कोठून असणार? १९९५ च्या विंडोजने नाव आणि परवल विचारावयास आरंभ केला खरा, परंतु ती चौकट 'एस्केप'ची कळ दाबून बाजूला सारता येई आणि यंत्र बिनतक्रार सुरू होई. त्या दारास कडी होती, भिंत नव्हती. कचेऱ्यांसाठी १९९३ पासून निघालेली विंडोज एनटी मात्र खऱ्या बंदोबस्ताची होती. तिच्यात तीन कळा एकदम दाबल्यावाचून नावाची चौकटच येत नसे, आणि चौकटीत मागच्या मनुष्याचे नाव आधीच भरलेले असे. ते भरू नये अशीही सोय व्यवस्थापकास होती, आणि जेथे बंदोबस्त कडक तेथे ती वापरली जाई. १९९८ च्या विंडोजमध्ये कुटुंबासाठी म्हणून नावांची यादी देणारा एक प्रवेशाचा प्रकार आला. पण सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे नामावळी खऱ्या अर्थाने आली ती ऑक्टोबर २००१ मध्ये, विंडोज एक्सपीबरोबर.

हा पडदा ज्यांनी पाहिला ते विसरलेले नसतील. निळी पार्श्वभूमी, आणि उजवीकडे एकाखाली एक नावे. प्रत्येकाशेजारी बदक, गिटार, फुलपाखरू, बुद्धिबळातला मोहरा अशी चित्रे. नाव टंकावयाचे नाही. चित्रावर बोट ठेवावयाचे. महाराष्ट्रात त्याच वर्षी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि पुढील काही वर्षांत संगणकाशी ज्यांची पहिली ओळख झाली त्यांपैकी असंख्यांना संगणकाचे दार म्हणजे हाच पडदा असे वाटत राहिले. लहान मुलाला, चष्मा विसरलेल्या आजीला, इंग्रजी टंकता न येणाऱ्याला ह्या पडद्याने केवढी सोय केली ते नाकारता येत नाही. सोयीला तुच्छ लेखणारे पंडित स्वतः दारावरची घंटा वाजवूनच आत येतात.

परंतु ह्या हसऱ्या पडद्यामागे काय होते ते पाहा. नवे यंत्र प्रथम सुरू करताना ते विचारी, की हे कोण कोण वापरणार? पाच नावांपर्यंत जागा असे. गृहस्थ हौसेने घरातली सगळी नावे भरी. ती सारी खाती पूर्ण अधिकाराची होत, आणि एकालाही परवलीचा शब्द नसे. पाचही जण कारभारी! आणि सहावा खरा सर्वाधिकारी, ज्याचे नाव 'ॲडमिनिस्ट्रेटर', तो ह्या नामावळीत नसेच. दुसरा कोणी अधिकारी खातेदार असला की त्याचे नाव पडद्यावर येऊ नये असा नियम होता. घरगुती आवृत्तीत त्याच्या खात्याला बहुधा परवल कोरीच राहिलेली असे, कारण स्थापनेच्या वेळी ती विचारलीच जात नसे. यंत्र 'सुरक्षित अवस्थेत' चालू केले की हे नाव पडद्यावर उमटे, आणि त्यावर बोट ठेवताच दार उघडे. शब्दरहित खात्यांना तारेवरून, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून, प्रवेश नाही एवढी खबरदारी घेतलेली होती हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि स्वतः परवल घालून निश्चिंत झालेल्या गृहस्थाला आपल्या वाड्याला आणखी एक दिंडी आहे, ती उघडी आहे, आणि केवळ पाटी नसल्यामुळे आपल्याला दिसत नाही, हे कोणी सांगितले नव्हते. ही उणीव पुढल्या आवृत्तीत दूर झाली. २००७ च्या व्हिस्टामध्ये ते खाते मुळातच बंद करून ठेवण्यात आले.

एक्सपीच्या पोटातील नोंदवहीत एक छोटी यादी होती, आणि तिचा वंश आजच्या विंडोजमध्येही चालू आहे. तीत खात्याचे नाव लिहून त्यापुढे शून्य घातले की ते नाव दारावरून नाहीसे होते. खाते मात्र जसेच्या तसे राहते. ही यादी मूळची यंत्राच्या घरगड्यांसाठी होती, म्हणजे दूरस्थ मदतीचे खाते, संकेतस्थळ चालविणाऱ्या सेवेचे खाते, अशांसाठी. तिची गरज किती होती ते एका प्रसंगावरून समजते. २००३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेट ह्या व्यवस्थेची १.१ ही आवृत्ती काढली. ती बसविली की पुष्कळांच्या पडद्यावर एकाएकी एक अनोळखी नाव दिसू लागे: एएसपी डॉटनेट यंत्राचे खाते. जे यंत्र कालपर्यंत न विचारता थेट सुरू होई, ते आता दोन नावे समोर ठेवून 'कोण?' म्हणून थांबे. आपल्या घरात कोणी परका शिरला अशी भीती लोकांना वाटली, आणि ती वाटणे अगदी रास्त होते. प्रत्यक्षात तो परका नव्हता. घरचाच नोकर चुकून दिवाणखान्यात येऊन बसला होता. लोकांनी शून्याची युक्ती शिकून घेतली आणि त्याला आत पाठविले.

ॲपल आणि लिनक्स ह्यांनी हाच प्रश्न आपापल्या रीतीने सोडविला. त्यात फारसे अडण्याचे कारण नाही. ॲपलने २००१ च्या नव्या व्यवस्थेपासून व्यवस्थापकाला दोन पर्याय दिले, नावांची यादी किंवा नुसत्या दोन चौकटी; त्यांचे 'रूट' खाते आरंभापासून बंदच असते. लिनक्सवर अनुक्रमांकाच्या मर्यादेबरोबर आणखी एक कसोटी लावतात. प्रत्येक खात्यापुढे, आत आल्यावर कोणता कार्यक्रम सुरू करावयाचा, हे लिहिलेले असते; घरगड्यांच्या खात्यांपुढे 'प्रवेश नाही' असे सांगून परत फिरणारा कार्यक्रम लिहितात, आणि तशी खाती दारावर दाखवीत नाहीत. ही कसोटी आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते. येथे नाव नाही ते दार नाही म्हणून. दार असून नाव पुसले असे येथे होत नाही. महाविद्यालयांत जेथे हजारो विद्यार्थी कोणत्याही यंत्रावर बसतात तेथे यादीचा प्रश्नच निकालात निघतो. ती बंद करून रिकामी चौकट ठेवतात, आणि आपण १९६१ सालात परत येतो.

मध्यंतरी नाव ह्या शब्दाचा अर्थही बदलला. २०१२ च्या आठव्या विंडोजपासून घरच्या यंत्रातले खाते कंपनीच्या दूरच्या वहीशी जोडण्याची प्रथा पडली, आणि खात्याचे नाव म्हणजे मनुष्याचा ई-पत्ता झाला. साहजिकच तो दारावरही दिसू लागला. पूर्वी 'बाबा' एवढेच वाचता येई. आता शेजाऱ्याला, दुरुस्तीला आलेल्याला, आगगाडीत मागे बसलेल्याला पूर्ण पत्ता वाचता येऊ लागला, तोच पत्ता जो बँकेकडेही दिलेला असतो. २०१६ मध्ये दहाव्या विंडोजच्या एका सुधारणेने हा पत्ता लपविणे हीच मूळ स्थिती ठरविली. ज्याला दाखवावयाचा असेल त्याने तसे सांगावे. ह्या बाबतीत दुमत होण्यासारखे काही नाही.

दुमत आहे ते शून्याच्या युक्तीबद्दल. पसारा आवरण्यासाठी, मुलांच्या पडद्यावर व्यवस्थापकाचे खाते दिसू नये म्हणून, पुष्कळ गृहस्थ आणि कचेऱ्या ती वापरतात, आणि त्यात वावगे काही नाही. तिला कुलूप समजणे मात्र चुकीचे. जो घरचा आहे त्याच्यापासून नाव लपते. जो चोर आहे तो पाटी वाचून येतच नाही. उलट तो स्वतःच ही युक्ती वापरतो. १५ मार्च २०१८ रोजी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने व एफबीआयने एक संयुक्त इशारा प्रसिद्ध केला. वीज व इतर मूलभूत सेवा चालविणाऱ्या संस्थांच्या यंत्रांत परक्या राष्ट्राच्या आश्रयाने काही मंडळी शिरली होती. त्यांनी आत जाऊन स्वतःसाठी अधिकाऱ्याची खाती उघडली. अधिकाऱ्यांच्या गटाचे नाव यंत्राच्या भाषेप्रमाणे बदलते, म्हणून त्यांच्या कार्यक्रमात ते इंग्रजीबरोबर आणखी चार युरोपीय भाषांतही लिहून ठेवलेले होते. एका खात्याला तर त्या संस्थेतल्याच राखीव प्रती ठेवणाऱ्या सेवेसारखे नाव दिले होते, म्हणजे वही वाचणाऱ्याला तो घरगडीच वाटावा. आणि उघडलेली खाती दारावर दिसू नयेत म्हणून नोंदवहीत फेरफार केला. वीजघरातला मनुष्य सकाळी यंत्रापुढे येऊन बसे, पडद्यावर आपली नेहमीची नावे पाही आणि कामाला लागे.

म्हणून दारावर काय दिसते ह्यावर विसंबून न राहता आतली वही अधूनमधून वाचावी. विंडोजवर हुकमाची काळी खिडकी उघडून 'नेट यूजर' हे दोन शब्द टंकले की खात्यांची यादी येते, दारावर लपविलेल्यांसह. परंतु तीही संपूर्ण नसते. ज्या खात्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असेल ते ह्या यादीतून गाळले जाते. तेवढ्यासाठी स्थानिक वापरकर्त्यांच्या व्यवस्थापनाची निराळी खिडकी उघडावी लागते, आणि ती खिडकी विंडोजच्या घरगुती आवृत्तीत दिलेलीच नाही. तेथे पॉवरशेलमध्ये जाऊन 'गेट-लोकलयूजर' असे टंकावे लागते.